तिसऱ्या घरचा अप्पम

पेसहाच्या गुरुवारी दिवस मावळला, की आमच्या डोंगरावर एक कंदील वरखाली हलताना दिसायचा आणि लोक म्हणायचे, "निघाली ओरोता चेडत्ती." चेडत्ती म्हणजे ताई. पन्नासेक वर्षं तो कंदील निघत होता. पुढं कंदिलाची बॅटरी झाली, एवढाच काय तो फरक. डोक्यावर टोपली, टोपलीत केळीच्या पानात बांधलेले अप्पम, हातात गुळाच्या दुधाची किटली, आणि पाय अनवाणी. तिच्या पायात मी चप्पल एकदाच पाहिली, शवपेटीत. ती सुनेनं घातली होती आणि चेडत्तीला नको म्हणता येत नव्हतं.

मी पैली, इथल्या चर्चचा कपियार. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, कबरीचं माप घ्यायचं, अच्चनना कॉफी करून द्यायची. अच्चन म्हणजे आमचे फादर. ते दर तीन वर्षांनी बदलतात. कपियार बदलत नाही. त्यामुळं या डोंगरावर कोणाच्या घरी कधी मयत झालं, हे देवाच्या खालोखाल मला ठाऊक, आणि माझ्या खालोखाल चेडत्तीला. कधी कधी तर माझ्याही आधी.

तिला हे ठाऊक असायला कारण होतं. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पेसहाला, आमच्या प्रत्येक घरी अप्पम होतो. तांदूळ-उडदाचा, न आंबवलेला, वाफवलेला, वर झावळीच्या कोवळ्या पातीचा क्रूस. घरातला कर्ता प्रार्थना करून तो कापतो आणि थोरापासून धाकट्यापर्यंत एकेक तुकडा गुळाच्या दुधात बुडवून देतो. पण ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलं, त्या घरी अप्पम करायचा नसतो. शेजाऱ्यापाजाऱ्यानं आणून द्यायचा. आणला तर खायचा, नाही आणला तर बसून राहायचं. मागायचा तर नाहीच नाही.

आता शेजारी म्हणजे कोण? आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये एक ओढा आणि अर्धा डोंगर असतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा नेईल. म्हणून चेडत्ती सगळ्यांकडे न्यायची.

हे तिनं का सुरू केलं ते मला माहीत आहे, कारण मी तिथं होतो. आठ वर्षांचा होतो. खालच्या मुलखातून आम्ही सात कुटुंबं ट्रकनं वर आलो. नदीपर्यंत ट्रक, पुढं जंगल. ओरोता तेव्हा अठराची, लग्न होऊन वर्ष झालेलं, पोटात पोर. नदीला पाणी होतं आणि मी काठावर बसून भोकाड पसरलं होतं. ती मागं आली, मला पाठीवर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं नेलं. पलीकडं उतरवताना म्हणाली, "काय ओझं आहे रे हे!" तेव्हापासून मी तिचं ओझं. साठीला आलो, नातवंडं झाली, तरी भर बाजारात हाक मारायची, "ए ओझ्या!"

तो पोरगा जन्मला आणि चार महिन्यांत हिवतापानं गेला. चर्च नव्हतं, अच्चन नव्हते. वर्कीचेट्टननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, झोपडीजवळ खड्डा खणला, आणि क्रूस करायला धड लाकूड नाही म्हणून मिरीचा वेल चढवायला आणलेली पांगाऱ्याची एक काठी खुणेला रोवली. पुढं दोन महिन्यांनी पेसहा आला. सात झोपड्या सात दिशांना. चेडत्ती आणि वर्कीचेट्टन दार उघडं ठेवून बसले. कोणीच आलं नाही. माझी आई आयुष्यभर सांगायची, "मला वाटलं माणीची बायको नेईल गं." माणीची बायको सांगायची, तिला वाटलं माझी आई नेईल. पुढच्या वर्षीपासून चेडत्ती स्वतःच निघायला लागली.

पांगाऱ्याची काठी मात्र धरली. पांगारा कुठंही धरतो. तिचं मोठं झाड झालं, घर पुढं पक्कं झालं, आणि तिच्या खोलीची खिडकी नेमकी त्या झाडासमोर आली. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत सगळी पानं गळून अंगभर काटे दिसतात आणि टोकांना लालभडक फुलं येतात. बुलबुल, साळुंक्या, खारी, नुसता बाजार भरतो. ती म्हणायची, "बघ, याला कोणी शिकवलं रे? काटे पण आहेत, रक्त पण आहे, आणि पाखरांना जेवण पण आहे. आपल्या अच्चनच्या प्रवचनापेक्षा बरं."

वर्कीचेट्टन जाऊन बारा वर्षं झाली. थोरली मुलगी मठात गेली, उत्तरेत कुठंतरी असते. धाकटा जोयी, त्याची बायको जेस्सी आणि त्यांची सहा वर्षांची मिया, एवढं घर.

ती जायच्या आदल्या वर्षी पेसहाला चेडत्ती पाच घरांना जाऊन आली आणि स्वतःच्या घरी अप्पमचा तुकडा तिच्या घशाखाली उतरेना. थट्टा केली आम्ही. "दुसऱ्यांच्या घरी चरून आलीस, आता कशाला उतरेल?" असं मीच म्हणालो. जुलैत जोयी तिला खाली शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. जोयीनं तिला सांगितलं, अल्सर आहे. ती मला म्हणाली, "अल्सरला कोणी बापाचं मर्तिक असल्यासारखा रडतो का रे? माझ्या पोराला खोटंही नीट बोलता येत नाही. तू तरी शिकवायचंस."

दुपारची घंटा वाजवली की मी तिच्याकडे जायला लागलो. जेस्सी मला काळी कॉफी द्यायची आणि स्वतः मिरी वेचायला जायची. खिडकीपाशी खाट, खाटेवर चेडत्ती. महिन्याला थोडी थोडी कमी होत होती. डिसेंबरात मी तिला उचलून पलीकडं बसवलं. कुळथाचं पोतं याहून जड असतं.

"आता कोण ओझं?" मी म्हणालो.

"फेड म्हण," ती म्हणाली. "पन्नास वर्षांनी का होईना, एकदा नदी ओलांडून दे."

हसलो आम्ही. पण ती हसायची ते बरं असेल तेव्हा. बाकी वेळ काय असायचं ते मी इथं सांगणार आहे, कारण मर्तिकाच्या प्रवचनात अच्चन म्हणाले, "चेडत्तीनं दुखणं हसतमुखानं देवाला वाहिलं." मी मागच्या खांबाशी उभा होतो आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. काही हसतमुखानं वाहिलं नाही. दातांत पदर धरून ती कण्हायची. गोळ्यांचा असर उतरला की भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाठ करायची. जपमाळ तिनं उशीखालून काढून जेस्सीला दिली होती, "घे, मियाला खेळायला दे," असं म्हणून. ज्या बाईनं पन्नास वर्षं संध्याकाळची प्रार्थना चुकवली नाही, त्या बाईनं.

जानेवारीत फादर लिबिन तिला आजाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावायला आले. पोरगेले अच्चन, सेमिनरीतून बाहेर पडून दोन वर्षं झालेली. मी मेणबत्ती आणि घंटी घेऊन मागं. कपाळाला, तळहातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चेडत्ती, धीर धरा. देव आपल्याला कधी सोडून जात नाही."

"सोडून जात नाही, ते खरं, अच्चन," ती म्हणाली. "पण येतही नाही."

मला वाटलं आता अच्चन पुस्तकातलं काहीतरी काढतील. काढलं. देव दुःखातून आपल्याला शुद्ध करतो, सोनं कसं भट्टीत टाकतात, तसं.

"मी सोनं नाही हो," चेडत्ती म्हणाली. "मी मिरी पिकवणारी बाई आहे. उन्हात घातली की वाळते, बास. ओझ्या, अच्चनना कॉफी दे. त्यांची काही चूक नाही."

परत येताना वाटेत अच्चन म्हणाले, "पैलीचेट्टा, विश्वास डळमळलाय त्यांचा." मी म्हणालो, "अच्चन, तुमची दाढ दुखत होती तेव्हा तुम्ही दोन दिवस मिस्सा म्हटली नव्हती." ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात न बोलावता पुन्हा तिच्याकडे गेले आणि नुसते बसून आले, हेही सांगायला हवं.

तिला जी काही धुगधुगी उरली होती ती त्या झाडाची. एरवी तिला काही विचारलं तर ती तुटक बोलायची, पण झाडाचं सगळं सांगायची. खार कुठून वर चढली, शेंडा कोणत्या वाऱ्याला कसा हलला. आणि त्या वर्षी नेमकं झाडच बिघडलं. सगळ्या डोंगरावर पांगाऱ्याला रोग आला होता. कसलीशी बारीक माशी. पानांवर, देठांवर फोडच फोड, पानं चुरगळून काळी पडायची आणि झाड उभ्या उभ्या वाळायचं. झाडाबरोबर त्याच्यावरचा मिरीचा वेलही जायचा. कृषी खात्याचा माणूस सांगून गेला, सगळे तोडा आणि जाळा. जोयीनं चाळीस-पन्नास तोडले. मग कोयता घेऊन खिडकीसमोरच्याकडे आला.

"हात लावशील तर याद राख," ती आतून ओरडली. कुठून एवढा आवाज आला कोण जाणे.

"अम्मच्ची, सगळ्यात जास्त रोग याच्यावरच आहे. आणि हे आडवं आलंय म्हणून तुला खिडकीतून वाट तरी दिसते का? कोण येतंय, कोण जातंय?"

"कोणी येत नाही, त्यामुळं दिसायला काही नाही. तुझा भाऊ आहे त्याच्याखाली. मी गेले की तोड. आठ दिवसांनी तोड, आठ मिनिटांनी तोड."

जोयी कोयता टाकून घरामागं गेला. रडत असणार. मी बघायला गेलो नाही. गड्याला रडताना बघायची मला सवय नाही, कबरीपाशी सोडून.

फेब्रुवारीत उपास लागला. झाडाची पानं गळाली नाहीत, फोडांनी तशीच लटकून राहिली. फुलांचा पत्ता नाही. रोज दुपारी मी गेलो की ती विचारायची, "मागच्या बाजूला बघ रे, आलंय का?" मी बाहेर जाऊन मान वर करून बघायचो. नव्हतं. एकदा मी थाप मारली, "आलंय, पलीकडच्या फांदीला दोन." तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तूही जोयीसारखाच," म्हणाली.

मग एका दुपारी, कशी कोण जाणे, ती शांत होती. गोळी नुकतीच घेतलेली. मला म्हणाली, "ओझ्या, पेसहाच्या रात्री येशू बागेत गेला ना, गेथशेमानेत?"

"गेला."

"तिघं मित्र होते बरोबर. म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. आणि ते झोपले."

"झोपले. दमले असतील. जेवण झालं होतं."

"तुला बरं माहीत! मग जागं कोण होतं?"

मी म्हणालो, "देव."

"देव बोलला का काही? बापा, हा पेला घे म्हणून घाम फुटेपर्यंत विनवलं बिचाऱ्यानं. बोलला? नाही. जागी होती ती झाडं. जैतुनाची झाडं. तेवढीच." ती खिडकीकडे बघत होती. "मला रात्री झोप नाही. जोयी झोपतो, जेस्सी झोपते, दमतात बिचारी. मी याच्याकडे बघते. हेही मरतंय, मीही मरतेय. पण ते झोपत नाही. माझी प्रार्थना होत नाही, पैली. शब्दच येत नाहीत. मी फक्त याच्याकडे बघते आणि वाटतं, येशूलाही अशीच सोबत होती. एवढंच. हे चालत असेल का रे प्रार्थनेच्या हिशेबात?"

तिनं मला पैली म्हटलं होतं, ओझ्या नाही. "चालत असेल," मी म्हणालो. कपियारला काय विचारायचं हे!

थोड्या वेळानं म्हणाली, "या वर्षी तीन घरं आहेत."

"कसली?"

"कसली म्हणजे? पेसहाची. ओढ्याकाठचा कुंजेप्पू, त्याची बायको गेली ऑगस्टात. वरच्या वळणावरची सारम्मा, नवरा गेला, एकटीच आहे, कानानं कमी ऐकते, दार जोरात वाजव. आणि तिसरं आमचं."

"आधी मर तरी!" मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे.

"मरते ना. घाई नको करू." तिनं माझा हात धरला. बोटं सालीसारखी कोरडी. "चेष्टा नाही रे. पहिल्या वर्षी दार उघडं ठेवून बसलो होतो आम्ही. वर्की दर आवाजाला उठायचा. शेवटी म्हणाला, येईल कोणीतरी. मी म्हटलं, हो, येईल. विश्वास विश्वास म्हणतात तो काय असतो, ते मला तेव्हा कळलं. कोणीतरी येईल, बास, एवढाच असतो. आणि कोणी आलं नाही. मी जन्मभर लोकांच्या घरी गेले ते माझ्या चांगुलपणानं नाही. मला भीती वाटायची. एकही दार तसं राहिलं तर ते खरं ठरेल, की कोणी येतच नाही. आता मला रात्रभर तेच वाटतं, कोणी येत नाही. तेव्हा माझ्या घरी तू ने. जोयी, जेस्सी, मिया दार उघडं ठेवून बसतील. पुन्हा तसं होऊ देऊ नकोस."

"अगं वेडी का तू?" मी म्हणालो. "तू एवढ्या घरांना नेलास, तुझ्या घरी अख्खा डोंगर लोटेल. अप्पमचा ढीग लागेल ढीग. मियाचं पोट बिघडेल."

"ढीग नको. एक ने."

"नेतो."

"घे शपथ."

"कपियार आहे मी, शपथ कशाला? नेतो म्हटलं ना."

उपासाच्या चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी ती गेली. शेवटचे चार दिवस बोलली नाही. आदल्या दिवशी झाडाच्या अगदी शेंड्याला फुलांचा एक तुरा दिसला होता, वाकडा, अर्धा करपलेला. मी धावत आत गेलो, तिचं डोकं उचलून खिडकीकडे केलं, "चेडत्ती, आलं बघ, खरंच आलंय, या वेळी थाप नाही." डोळे उघडे होते. तिला दिसलं की नाही, मला माहीत नाही. मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे की दिसलं.

मर्तिकाला डोंगर लोटला. खालच्या मुलखातून नातेवाईक आले, मठातून मुलगी आली, अच्चन हसतमुखाचं बोलले, ते मी सांगितलंच. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, नातेवाईक परत गेले, मुलगी गेली. आठव्या दिवशी जोयीनं शब्दाप्रमाणं झाड तोडलं. मी चर्चच्या पायरीवर बसून कुऱ्हाडीचे आवाज ऐकले. तो सगळं तोडून, जाळून संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मुळाशी काही मिळालं नाही, पैलीचेट्टा. एवढ्या वर्षांनी काय मिळणार." आणि निघून गेला.

पवित्र आठवडा म्हणजे कपियारचं मरण. झावळ्यांच्या रविवारी दोनशे पाती कापायच्या, गुरुवारी पाय धुवायच्या विधीला पाणी, टॉवेल, बारा म्हातारे गोळा करायचे, आणि शुक्रवारसाठी कारल्याचा रस काढायचा. पण मी विसरलो नाही. हे नीट ऐका, मी विसरलो नाही. बुधवारी माझ्या बायकोला, कुंजन्नम्माला, सांगितलं, तीन जास्तीचे अप्पम कर. तिनं केले. तांदूळ दळताना एकदा म्हणाली, "चेडत्तीकडे कशाला? तिथं सगळेच नेतील. उगाच वाया जायचं." मी म्हणालो, "तू कर."

गुरुवारी चर्चमधलं आटपून, पोटात सकाळची कंजी, म्हणजे भाताची पेज, सोडून काही नसताना, मी तीन पुड्या घेऊन निघालो. कुंजेप्पू ओढ्याकाठी दिवा लावून बसला होता. पुडी घेतली आणि म्हणाला, "चेडत्ती गेली, वाटलं या वर्षी कोणी येणार नाही." सारम्माचं दार मी हातानं, मग लाथेनं वाजवलं. तिनं दार उघडलं, पुडी छातीशी धरली आणि माझ्या हाताचा मुका घेतला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

खाली उतरताना फाटा लागतो. डावीकडे चेडत्तीचं घर, चढावर, दोनशे पावलं. उजवीकडे माझं, उताराचं. बॅटरी लावून मी तिथं उभा राहिलो. तिच्या घरातला दिवा दिसत होता. पूर्वी झाडामुळं फाट्यावरून दिसायचा नाही. गुडघे दुखत होते. मला वाटलं, आता तिथं माणसांची गर्दी असेल. माणीचा नातू असेल, कुरुविळाची बायको असेल, मातृसंघाच्या बायका असतील, पुड्यांचा ढीग असेल. त्यात माझी एक. अच्चनसुद्धा गेले असतील. मग मी खोटं कशाला बोलू, मी तिथंच दगडावर बसलो, पुडी उघडली आणि खाल्ली. भूक लागली होती. चांगला झाला होता अप्पम. मग उजवीकडे उतरलो, घरी माझा पेसहा वाट बघत होता.

दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, दुपारची उपासना झाली की दारात कारल्याचा रस देतात. येशूला क्रूसावर पित्त पाजलं, त्याची आठवण. मोठं भांडं घेऊन मी उभा राहतो, लोक रांगेनं ओंजळ करून येतात, एकेक चमचा. रांगेत जेस्सी आली, हाताशी मिया. जोयी मागं खांबाशी उभा.

मी हळूच म्हणालो, "काय गं, काल पोरीचं पोट बिघडलं नाही ना? ढीग लागला असेल."

जेस्सीनं माझ्याकडे पाहिलं. "कसला ढीग, पैलीचेट्टा?"

"अप्पमचा."

"कोणीच नाही आलं," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं सांगितलं. "दार उघडं ठेवून बसलो होतो. पोरगी दर आवाजाला दारात. मग खिडकीतून बॅटरी दिसली, आता वाट दिसते ना तिथून. वरच्या वळणावरून उतरत उतरत फाट्यापर्यंत आली. ही ओरडली, आले, आले. ह्यांनी उठून प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा काढलं. बॅटरी तिथं थांबली बराच वेळ. मग खाली गेली."

चमचा माझ्या हातात होता. जेस्सीमागं कुरुविळाची बायको उभी होती, तिच्यामागं माणीचा नातू. मी कुरुविळाच्या बायकोला विचारलं, "तू नेलास का काल चेडत्तीकडे?"

"मी? नाही बाई. मला वाटलं तिथं रीघ लागली असेल."

माणीचा नातू खाली बघायला लागला. त्याच्यामागच्यांना मी विचारलं नाही.

जेस्सीनं ओंजळ पुढं केली, रस घेतला, प्याली आणि बाजूला झाली. मग मिया. लहानांना मी दोनच थेंब देतो. त्या दिवशी मी भरला चमचा ओतला आणि तिची ओंजळ भरली. मला वाटलं टाकून देईल. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, डोळ्यांत पाणी आलं, पण सगळा प्याली आणि हात फ्रॉकला पुसले.

"आजोबा," ती म्हणाली, "काल तुमची बॅटरी संपली होती का?"

अच्चन माझ्या मागंच होते. तिची आई होती, बाप होता, अर्धा डोंगर रांगेत होता.

"हो," मी म्हणालो. "संपली होती."